खिशातला चाकू, खिशाबाहेर

ज्याच्या खिशात चाकू असतो, तो माणूस सहलीत निसर्ग बघत नाही. तो लोकांच्या हातांकडे बघतो. कुणाचं काही अडलंय का? कुणाला काही फुटत नाहीये, सुटत नाहीये, सोलता येत नाहीये का? समोर सह्याद्रीचे कडे धुक्यातून वर येत असतात आणि हा गृहस्थ शेजारच्या वहिनींच्या बिस्किटाच्या पुड्यावर डोळा ठेवून बसलेला असतो. वहिनी पुडा दातापाशी नेतात न नेतात तोच हा ओरडतो, "थांबा!"

हे असं ओरडण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. पुडा उघडायला एक बारीक पट्टी दिलेली असते आणि ती ओढली की काम भागतं, हे मलाही दिसतं. पण ती पट्टी कुणाला ओढू द्यायची नाही, हेच तर चाकू बाळगणाऱ्याचं जीवितकार्य. मग खिशात हात घालायचा. किल्ल्यांचा जुडगा, रुमाल आणि मागच्या सहलीतली आवळासुपारी बाहेर काढून बाकावर मांडायची. शेवटी चाकू काढायचा. पातं उघडताना नख मोडायचं. चुकून आधी कात्री उघडायची, मग करवत, आणि एकदाचं पातं सापडलं की पुडा अशा सफाईने कापायचा, की वरची चार बिस्किटंही मधोमध दुभागून यावीत. वहिनी "थँक यू" म्हणतात. त्यांच्या यजमानांचा चेहरा जरा उतरतो. त्यांच्याकडे चाकू नसतो.

माझ्याकडे तो आला साडूभाऊंमुळे. ते ऑफिसच्या कामाने स्वित्झर्लंडला जाऊन आले आणि सगळ्यांना चॉकलेटं वाटून झाल्यावर त्यांनी तो लाल चाकू टेबलावर ठेवला. म्हणाले, "हातात देत नाही हं. चाकू हातात दिला की भांडण होतं." भांडण तरीही झालंच. पुढे प्रत्येक लग्नामुंजीत ते मला कोपऱ्यात गाठून विचारायचे, "काय, चाकू वापरता ना?" आणि त्याची किंमत फ्रँकमध्ये सांगून त्या दिवशीच्या भावाने तिचे रुपये करून दाखवायचे. फ्रँक महाग होत गेला आणि त्याबरोबर आमच्यावरचे उपकारही.

चाकूत काय नव्हतं! मोठं पातं, छोटं पातं, कात्री, करवत, डबा फोडायचं आकडं, स्क्रू पिळायचं टोक, भोक पाडायची आरी, बाटलीचं बूच काढायचा पिळाचा स्क्रू. आणि एक पातं मासळीचे खवले काढायचं. आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मास बघून शिरतो. त्यामुळे त्या पात्याने मी आलं सोलत असे. बुचाच्या स्क्रूने गाठोड्याच्या गाठी सोडवत असे. मुठीत खोचलेलं एक चिमुकलं दातकोरणंही होतं, ते मात्र आल्याबरोबरच कुठेतरी गेलं. ज्याच्याकडे ज्याच्याकडे असा चाकू आहे, त्या प्रत्येकाचं दातकोरणं गेलेलं आहे. जगातली ही सगळी दातकोरणी जातात कुठे, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

चाकूबरोबर त्याचा इतिहासही बाळगावा लागतो. १८८४ साली कार्ल एल्सनर नावाच्या कारागिराने स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावी कारखाना काढला. स्विस सैनिकांचे पहिले चाकू मात्र जर्मनीतल्या झोलिंगेनहून आले होते. १८९१ साली त्याने आपल्या सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. शिपायाच्या चाकूला बंदूक खोलायचा स्क्रूड्रायव्हर आणि डबा फोडायचं हत्यार. १८९७ साली अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू निघाला, त्याला मात्र दारूच्या बाटलीचं बूच काढायचा स्क्रू. (शिपायाने बंदूक खोलायची आणि साहेबाने बाटली, ही कामाची वाटणी बघून मला आमच्या ऑफिसची आठवण येते.) पुढे १९०९ साली आई वारली तेव्हा एल्सनरने तिचं व्हिक्टोरिया हे नाव मालाला दिलं आणि १९२१ साली न गंजणाऱ्या पोलादाचं 'इनॉक्स' त्याला जोडून व्हिक्टोरिनॉक्स झालं. हे सगळं मी नेहमी चढ सुरू झाला की सांगायला घेतो. चढावर माणसांना उलट बोलायला दम उरत नाही.

"आणि लाल का, माहीत आहे?" हा माझा शेवटचा प्रश्न. कुणीच विचारलेलं नसतं. "बर्फात पडला तरी चटकन दिसावा म्हणून म्हणे!"

स्वित्झर्लंडात ही युक्ती बिनतोड असेल. आम्ही गेलो माथेरानला.

माथेरान ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबतात आणि तिथून जांभ्या दगडाची लाल माती सुरू होते. रस्ता लाल, धूळ लाल. घोड्यांचे पाय गुडघ्यापर्यंत लाल. दुपारपर्यंत पांढरे मोजे लाल, पँटीची टोकं लाल, आणि नाक शिंकरलं तर रुमाल असा लाल की माणसाने डॉक्टरकडे धाव घ्यावी. आमच्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिकांनी सकाळी घातलेल्या टोप्या संस्थेच्या निळ्या रंगाच्या होत्या. परतीच्या फोटोत ती एखाद्या वीटभट्टीची युनियन दिसते. अख्ख्या महाराष्ट्रात लाल चाकू हरवायला याहून योग्य जागा नाही.

हरवल्याचं कळलं लुईसा पॉइंटवर. समोर प्रबळगड, खाली खोल दरी, आणि आमच्या मधोमध वर्तमानपत्रावर मांडलेल्या काकड्या. सहलीचे लीडर म्हणाले, "चला, चाकूवाले!" मी ऐटीत खिशात हात घातला. किल्ल्या, रुमाल, आवळासुपारी. दुसरा खिसा. शर्टाचा खिसा. मग बायकोच्या पर्समध्ये हात घातला, तेव्हा ती म्हणाली, "अहो, तिथे आजवर मला माझं काही सापडलेलं नाही, तुमचं काय सापडणार?" मग सॅक उपडी केली. त्यातून सुटलेलं एक संत्रं दरीच्या दिशेने निघालं. सगळे त्याच्याकडे बघत राहिले, माझ्याकडे कुणीच बघेना.

"हरवला," मी म्हणालो.

एवढ्या एका शब्दाने चौदा-पंधरा शहाण्यासुरत्या माणसांचं चौकशी आयोगात रूपांतर झालं. पहिला प्रश्न अर्थातच, "शेवटचा कुठे पाहिला होतात?" हा प्रश्न विचारणारा माणूस विचारताना फार खूश दिसतो. शेवटचा कुठे पाहिला हे ठाऊक असतं तर तो शेवटचा कशाला ठरला असता? पण हे बोलायचं नसतं. मी म्हणालो, "शार्लोट तलावापाशी असावा." लगेच बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, "असावा की होता? नीट सांगा." त्यांनी बँकेत पुष्कळांची कर्जं अडवलेली होती, एका चाकूचं काय घेऊन बसलात!

"तलावापाशी काय कापलंत?"

"पेरू."

"पेरू कुणी खाल्ला?"

इथे तीन माणसांनी नजर चुकवली. दर फोडीबरोबर मी झोलिंगेनची हकिकत सांगितली होती, त्यामुळे पेरू खाल्ल्याचं कबूल करायला कुणी तयार होईना.

मग आमची फौज आल्या वाटेने मागे निघाली, सगळे माना खाली घालून. समोरून येणारी गुजराती मंडळी आमच्यातलं कुणी गेलं समजून बाजूला झाली. शोधणाऱ्यांमध्ये दोन जाती असतात. एक खरंच शोधते. दुसरी शोधता शोधता आपल्या हरवलेल्या वस्तूंच्या गोष्टी सांगते. आमच्यात दुसऱ्या जातीचं बहुमत होतं. लीडरची दिवेआगरला अंगठी गेली होती. वहिनींची छत्री लोकलमध्ये गेली होती आणि तीच छत्री पुढे एका बाईच्या हातात दिसली होती, पण गर्दीमुळे त्या बाईपर्यंत पोचता आलं नव्हतं. बँकवाल्या काकांचे खालचे दात गणपतीपुळ्याच्या लाटेत गेले होते. दातांपुढे माझा चाकू अगदीच किरकोळ ठरला. दुःखातही माणसाला वरचा नंबर मिळत नाही.

सापडलं मात्र भरपूर. एक केसांचा चाप, एका मुलाचा डावा बूट, टॉय ट्रेनचं जुनं तिकीट, चष्म्याची एक काडी आणि लीडरची सकाळपासून हरवलेली शिट्टी, जी हरवल्याचं त्यांना सापडल्यावर कळलं. लाल दिसलं की मी वाकायचो. तो दगड निघायचा. चाकूएवढे, चाकूच्या आकाराचे आणि चाकूच्याच रंगाचे एवढे दगड निसर्गाने माथेरानला कशासाठी घडवले असतील?

एक घोडेवाला बराच वेळ आमची ही कवायत बघत होता. तो जवळ येऊन म्हणाला, "साहेब, घोडा घ्या. वरून लवकर दिसेल."

"अरे, खाली बघायचंय."

"घोडा पण खालीच बघून चालतो, साहेब."

यावर मला उत्तर सुचलं नाही. त्याने पुढे माकडांवर संशय व्यक्त केला. इथली माकडं काहीही नेतात, म्हणाला. चिक्की नेतात, पाण्याची बाटली नेतात, झाकण फिरवून पाणी पितात. हे ऐकून मंडळींना एकदम नवा उत्साह आला. सगळ्यांच्या माना खालच्या वर झाल्या. पिसारनाथाच्या देवळाजवळच्या झाडावर एक थोराड माकड बसलं होतं. बँकवाल्या काकांनी त्याला संशयित ठरवून त्याच्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं. माकडाने त्यांची टोपी नेली. म्हणजे तपास योग्य दिशेने चालला होता, असं त्यांचं म्हणणं पडलं.

वहिनी देवळाच्या पायरीवर बसून डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या. त्या कार्तवीर्याचा मंत्र म्हणत होत्या. हरवलेली वस्तू मिळावी म्हणून तो म्हणतात, हे लहानपणी आमच्या आजीकडूनही ऐकलं होतं. हजार हातांचा राजा, म्हणजे शोधायला मनुष्यबळ भरपूर, हे खरं. पण त्याचे ते हजार हात परशुरामाने तोडले, आणि आम्ही त्याला परशुरामाने वसवलेल्या कोकणाच्या डोक्यावर उभं राहून, तेही एक धारदार हत्यार शोधायला बोलावत होतो. मी त्याच्या जागी असतो तर आलो नसतो.

लीडर मध्येच थांबून माहिती देत होते. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट इकडे चढून आला आणि त्याने माथेरान शोधून काढलं. "बघा, त्याला अख्खा डोंगर सापडला!" म्हणजे आम्हाला बोटभर चाकू सापडत नाही, हा टोला. वास्तविक तो डोंगर हरवलेला नव्हताच. इथल्या ठाकर-धनगरांना तो कुठे आहे हे चांगलं ठाऊक होतं. न हरवलेली वस्तू शोधून नाव कमावणं सोपं असतं.

आणि या सगळ्यात एक चमत्कार घडत होता. चाकू सुधारत चालला होता. लुईसा पॉइंटवर तो नुसता चांगला होता. शार्लोट तलावाच्या भिंतीपाशी येईतो त्याच्यासारखी धार दुसऱ्या पोलादाला येत नाही, असं मी म्हणू लागलो. त्याच्या करवतीने मी आयुष्यात एक कढीपत्त्याची डहाळी कापायचा प्रयत्न केला होता, आणि तीही शेवटी हातानेच मोडली. पण देवळामागे उभं राहून मी वहिनींना सांगितलं, की पावसाळ्यात ताम्हिणीत झाड आडवं पडलं होतं, तेव्हा याच करवतीने आम्ही रस्ता मोकळा केला. बायको शेजारीच होती. ती काही बोलली नाही. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये, तसं चांगलं बोलणाऱ्याला अडवूही नये, अशी आपल्याकडे रीत आहे.

मग इतरांनीही हातभार लावला. ज्यांनी माझ्या चाकूची बिस्किटापासून टिंगल केली होती ते आता हळहळू लागले. लीडर म्हणाले, "मागे माझ्या पायात काटा गेला होता तो त्याच्याच चिमट्याने काढला. पाय वाचला." तो काटा मोरपिसाच्या देठाएवढाही नव्हता. बँकवाले काका म्हणाले, "चाकू कसला, हत्यार होतं हत्यार!" त्यांनी सकाळीच त्याला 'साडूने दिलेलं खेळणं' म्हटलेलं मी ऐकलं होतं. एक बाई, ज्या आमच्याबरोबर प्रथमच आल्या होत्या आणि ज्यांनी चाकू पाहिलाच नव्हता, त्यांनी डोळे पुसले.

तहान लागली म्हणून वाटेवरच्या लिंबू-सरबतवाल्या मावशींपाशी थांबलो. त्यांची सुरी मी नीट पाहिली. लाकडी मूठ कधीतरी फुटली होती, तिला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. पातं दगडावर घासून घासून मधे इतकं झिजलेलं, की त्याची चंद्रकोर झाली होती. आणि मुठीला सुतळी बांधलेली, सुतळीचं दुसरं टोक टेबलाच्या पायाला. सुरी लिंबापर्यंत पोचायची, तिथून परत जागेवर. टेबल सोडून जगात कुठेही जायची तिला सोय नव्हती.

"मावशी, ही कधी हरवली नाही?"

"टेबल हरवलं तर जाईल की," मावशी म्हणाल्या आणि तिखट-मीठ लावून आमच्या सगळ्या काकड्या त्यांनी सरबताबरोबर फुकट कापून दिल्या. माझ्या चाकूला याच कामाला अर्धा तास लागला असता. पण हे मी तेव्हा बोललो नाही. चाकू जाऊन उणेपुरे दोन तास झाले होते.

आणि मग घोडेवाल्याच्या पोराला तो सापडला. म्हणजे एक चाकू सापडला. जांभळाच्या मुळांच्या बेचक्यात. पोरगं ओरडत आलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, वहिनींनी कार्तवीर्याला हात जोडले, लीडरनी शिट्टी फुंकली. मी चाकू हातात घेतला. लालच होता. पण मुठीचा एक टवका उडालेला, कात्रीची स्प्रिंग तुटलेली, आणि मोठ्या पात्यावर कधी काळच्या मुरांब्याचा थर.

"हा माझा नाही."

शांतता पसरली.

"अहो, लाल आहे ना?" वहिनी म्हणाल्या.

"चाकूच आहे ना?" लीडर.

"घोड्याचं ठरलं होतं का काही?" घोडेवाला.

बँकवाल्या काकांनी चाकू चष्म्याजवळ नेऊन तपासला आणि निर्णय दिला, "सही जुळत नसली तरी रक्कम बरोबर आहे. घेऊन टाका." बायको म्हणाली, "घ्या आणि चला, अमन लॉजची शटल जाईल." मंडळींनी हात वर करून ठराव मंजूर केला. पोराला पन्नास रुपये दिले आणि कुणाचा तरी चाकू खिशात घालून मी स्टेशनवर आलो.

फलाटावर माझ्याच वयाचे एक गृहस्थ मान खाली घालून, बाकाखाली, कुंडीमागे, कचऱ्याच्या डब्यापाशी बघत फिरत होते. अंगावर शर्टाचे खिसे उलटे बाहेर आलेले. मी ओळखलं.

"काही हरवलंय का?"

"चाकू हो!" ते म्हणाले. ठाण्याचे होते. मग पुढची दहा मिनिटं त्यांनी मला तो चाकू सांगितला. भावाने जर्मनीहून आणलेला. धार अशी की टोमॅटोला कापल्याचं कळायचं नाही. कात्रीने एकदा ट्रेनमध्ये कुणाचं बँडेज कापून दिलं, डॉक्टर बघत राहिले. करवतीने माळशेज घाटात आडवं पडलेलं—

"झाड कापलंत," मी म्हणालो.

"तुम्हाला कसं कळलं?"

त्यांच्या पत्नी बाकावर बसून पेरूच्या पिशवीशी खेळत होत्या. त्यांनी माझ्या बायकोकडे पाहिलं. माझ्या बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. दोघी एका क्षणात मैत्रिणी झाल्या.

"दातकोरणं?" मी विचारलं.

"ते आल्या आल्याच गेलं."

"मुठीचा टवका?"

"जरासा. आमच्या नातवाने आपटला होता."

मी खिशातून चाकू काढून त्यांच्या हातावर ठेवला. हातात दिल्याने भांडण होईल, हे लक्षात आलं, पण तोवर दिला होता. गृहस्थांनी तो उलटसुलट फिरवला. टवक्यावरून अंगठा फिरवला. तुटकी कात्री उघडमिट केली. पात्यावरचा मुरांबा नखाने खरवडून बघितला. मग माझ्याकडे दयेने पाहत चाकू परत दिला.

"छे हो. हा कुठला! माझा फार चांगला होता."

"पण दातकोरणं नाहीये यातही."

"दातकोरणं कुणाच्याच चाकूत नसतं," ते म्हणाले. तेवढ्यात त्यांच्या पत्नींनी पेरूची पिशवी पुढे केली आणि गृहस्थांना आठवण झाली. "आता तुमचा बाहेर निघालाच आहे, तर जरा एवढे पेरू कापून द्याल का?"

मी बाकावर बसलो आणि पेरू कापले. ते बाजूला उभं राहून बघत होते.

"धार बरी आहे," म्हणाले. "आमच्या चाकूची सर नाही. पण बरी आहे."